सगळ्यात चांगला चढाईपटू धावण्यात शेवटचा आला, तर?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही गुहागरकडच्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक आहात आणि सतरा वर्षांखालच्या मुलांचा कबड्डी संघ तयार करताय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही अठरा मुलांची किनाऱ्यावर कूपर टेस्ट घेतली, म्हणजे १२ मिनिटांत कोण किती मीटर धावतो ते मोजलं. माघी पौर्णिमेला त्याच जागी, त्याच वेळी परत घेतली. संघाची सरासरी अडीचशे मीटरनं वाढली, पण तुमचा सगळ्यात भरवशाचा चढाईपटू दोन्ही वेळा शेवटचा आला. मे महिन्यातल्या स्पर्धांसाठी बारा जण निवडायचे आहेत. या आकड्यांवर निवड करू का, त्या मुलाला बाहेर बसवू का, आणि खर्च न करता आणखी कुठल्या टेस्ट घेता येतील, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात कबड्डी आणि खो-खोच्या खेळाडूंच्या शारीरिक तयारीचं काम करतो. टेस्ट कुठली घ्यायची हा प्रश्न मी कायम दुसऱ्या नंबरवर ठेवतो. निकाल हातात आला की तुम्ही काय बदलणार, हे आधी ठरायला हवं. सराव बदलणार? एखाद्याला विश्रांती देणार? डॉक्टरकडे पाठवणार? यातलं काहीच बदलणार नसेल तर त्या टेस्टसाठी मुलांना दमवू नका. आणि 'बारा जण निवडणार' हे उत्तर असेल, तर कूपर टेस्ट त्या कामाची नाही. का, ते सांगतो.

आधी ते अडीचशे मीटर बघू. मुलांनी मेहनत घेतली असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण वाढ पूर्णपणे मेहनतीची आहे असं म्हणता येत नाही, कारण दोन सकाळी सारख्या नव्हत्या. भरतीचा आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सातला पाणी बरंच वर आलेलं, आणि मुलांच्या वाट्याला वरची कोरडी, भुसभुशीत पुळण. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पाचच्या सुमारास. सातला पाणी अजून खालीच, किनारा रुंद आणि ओली वाळू पायाखाली घट्ट. भुसभुशीत वाळूवर धावायला घट्ट जमिनीच्या साधारण दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, प्रयोगांत हा आकडा १.६ पटीच्या आसपास आलेला आहे. जागा तीच, घड्याळातली वेळ तीच, पण धावपट्टी दोन वेगवेगळ्या होत्या.

त्यात हवा. ऑक्टोबरमध्ये पाऊस नुकताच गेलेला असतो, जमीन ओलसर, ऊन चढलेलं आणि हवेत दमटपणा भरपूर. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. माघातल्या सकाळी हा भार पुष्कळच कमी असतो. तिसरं कारण मुलांचं स्वतःचं. बारा मिनिटं धावायचं म्हणजे वेग कसा राखायचा, हे पहिल्या वेळी कुणालाच माहीत नसतं. पहिले दोन राउंड जीव तोडून पळायचं आणि सहाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून चालायचं, हे मी प्रत्येक नव्या संघात पाहतो. दुसऱ्या वेळी मुलं शहाणी झालेली असतात. नुसत्या त्या शहाणपणानंच आकडा वाढतो. चौथं, चार महिन्यांत या वयाची मुलं वाढतात.

म्हणजे सुधारणा झालीच नाही का? झाली असेल. पण किती, हे या दोन आकड्यांतून काढता येणार नाही. पालकांना किंवा मुख्याध्यापकांना सांगताना एवढी काळजी घ्या, कारण एप्रिलच्या उकाड्यात तुम्ही तीच टेस्ट परत घेतलीत आणि आकडा खाली आला, तर मुलांना वाटेल आपली मेहनत फुकट गेली.

आता तुमचा चढाईपटू. कूपर टेस्ट केनेथ कूपर या डॉक्टरांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या जवानांवरून मांडली. बारा मिनिटांत कापलेल्या अंतरावरून शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं, याचा अंदाज त्यातून येतो. अंतरातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ नं भागा. २,४०० मीटर धावलेल्याचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याची ही कमाल क्षमता, साधारण ४२ येतो. मोठ्या गटाची एकाच वेळी चाचणी घ्यायला ही पद्धत उत्तम, आणि ती आजही टिकून आहे ती त्यामुळेच. पण ती मोजते काय, तर एका लयीत बराच वेळ धावण्याची ताकद.

कबड्डीत असं कोण धावतं? चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. त्यातही बराचसा वेळ पाय नाचवत, अंदाज घेत जातो. खरा स्फोट दोन-तीन सेकंदांचा: बोनसला पाय टाकणं, कोपऱ्याला हात लावून वळणं, पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेप घेणं. मग थोडी उसंत, मग बचावात उभं राहणं, मग परत चढाई. चढाईपटूला लागतो तो पहिल्या दोन पावलांचा वेग, दिशा बदलण्याची ताकद आणि हा स्फोट चाळीस मिनिटांच्या सामन्यात पुन्हा पुन्हा करता येणं. अशा जलद स्नायूंच्या मुलाची बारा मिनिटांची धाव अनेकदा साधारणच निघते. म्हणून शेवटचा आला एवढ्यावरून त्याला बसवू नका. कुणीही कितीही आग्रह केला तरी बसवू नका.

पण त्याचा आकडा कचऱ्यातही टाकू नका. चढायांच्या मधल्या उसंतीत शरीर पूर्ववत होतं ते ऑक्सिजनच्याच जोरावर. तो फारच मागे असेल तर दुसऱ्या हाफमध्ये त्याचा वेग पडत असेल. पडतो का, हे तुम्ही त्याच्या सामन्यांत पाहिलेलं असणार, आणि ते निरीक्षण माझ्या लेखी कूपरच्या आकड्यापेक्षा मोलाचं आहे. नसेल पाहिलं तर मोजता येईल, आणि त्याला खर्च शून्य.

मैदानावर दहा मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारा. मुलानं एका रेघेवरून निघायचं, दुसऱ्या रेघेला पाय लावून वळायचं आणि परत यायचं, पूर्ण जोर लावून. हे सहा वेळा, दर तीस सेकंदांनी एकदा. सहाही वेळा वेळ नोंदवा. सगळ्यात चांगली वेळ ५.० सेकंद असेल तर सहा फेऱ्या तीस सेकंदांत व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बेरीज ३१.८ आली, तर घसरण सहा टक्के. आता दोन गोष्टी वेगळ्या दिसतात: त्याचा सर्वोत्तम वेग किती, आणि तो किती टिकतो. एखाद्याचा वेग उत्तम आणि घसरण मोठी, त्याला दम वाढवायचं काम द्या. एखाद्याची घसरण नगण्य पण मुळात वेगच कमी, त्याला आणखी राउंड मारायला लावून काही साधणार नाही, त्याला ताकदीचं आणि छोट्या स्प्रिंटचं काम हवं. एका टेस्टमधून सरावाचे दोन वेगळे रस्ते निघतात, म्हणून मला ती आवडते. एक मात्र पाहा, काही हुशार मुलं पहिल्या फेऱ्या हात राखून धावतात म्हणजे घसरण कमी दिसेल. आधी एक फेरी सुटी, जिवाच्या आकांतानं पळायला लावा. टेस्टमधली पहिली फेरी तिच्या जवळपास नसेल तर थांबवा आणि विश्रांती देऊन पुन्हा घ्या.

वेळ कशी घ्यायची, हा यातला नाजूक भाग. हातातल्या स्टॉपवॉचनं दोन-दोन दशांशांचा फरक सहज पडतो. पाच सेकंदांच्या धावेत ०.२ म्हणजे चार टक्के, आणि आपण शोधतोय सहा टक्क्यांची घसरण. त्यामुळे शिट्टी वाजवून सुरुवात करू नका, नाहीतर त्यात मुलाची प्रतिक्रिया आणि तुमची प्रतिक्रिया दोन्ही मिसळतात. मुलानं स्वतःहून निघावं. फोन रेघेच्या बरोबर बाजूला स्टुलावर पक्का ठेवा आणि व्हिडिओ घ्या. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर सेकंदाला २४० फ्रेमपर्यंत जाता येतं, नसेल तरी साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०३ सेकंद, जो अंगठ्यापेक्षा कितीतरी बरा. संध्याकाळी बसून फ्रेम मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण दहावीच्या एखाद्या गणितप्रेमी मुलाला दिलंत तर तो आवडीनं करेल.

पायांच्या स्फोटक ताकदीसाठी उभी उडी. शाळेची चिऱ्याची भिंत चालेल, फक्त गिलावा केलेला सपाट भाग बघा. बोटांना खडूची पूड लावायची, भिंतीला बाजू करून उभं राहायचं, टाचा न उचलता हात जिथवर पोचेल तिथं एक ठसा, मग उडी मारून दुसरा. दोन ठशांतलं अंतर मोजायचं. तीन संधी द्या, सर्वोत्तम धरा. फोननं मोजायची असेल तर पाय जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ घ्या. अर्धा सेकंद हवेत म्हणजे उडी जवळपास ३१ सेंटिमीटर. पण इथं ३० फ्रेमचा व्हिडिओ चालत नाही, कारण एका फ्रेमच्या चुकीनं चार सेंटिमीटरचा फरक पडतो. २४० फ्रेमला तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. तसा फोन नसेल तर खडूच बरा.

पकड करणाऱ्यांसाठी, विशेषतः कोपऱ्यातल्या मुलांसाठी, लोखंडी पाइपला लटकून राहण्याची वेळ घ्या. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे हाताची पकड मोजायचं यंत्र असेल तर वर्षातून दोनदा विनंती करा, नसेल तर पाइप पुरेसा आहे. दर वेळी पाइप तोच हवा, कारण जाडी बदलली की आकडा बदलतो. शिवाय वजनदार मुलाला लटकणं जड जातं, म्हणून वजन शेजारी लिहून ठेवा.

बीप टेस्टबद्दलही तुम्ही विचारलंय. बीपच्या तालावर वीस मीटर जाऊन-येऊन धावायची ही पद्धत कॅनडातल्या ल्युक लेजे यांची, १९८० च्या दशकातली. ताशी ८.५ किलोमीटरनं सुरुवात होते आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वेग वाढतो. भारतीय क्रिकेट संघामुळे घराघरात पोचलेली यो-यो टेस्ट डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची. तिच्यात प्रत्येक चाळीस मीटरनंतर दहा सेकंदांची उसंत असते, म्हणून ती कबड्डीच्या स्वभावाला कूपरपेक्षा आणि बीपपेक्षा जवळची आहे. जागा मिळाली तर कूपर सोडून यो-यो घ्या. पण जागा म्हणजे वीस मीटर आणि मागे आणखी पाच, सपाट आणि न घसरणारी. आपल्या सड्यावरच्या मैदानांवर जांभ्याची बारीक खडी सुटलेली असते. वेगात वळताना पाय सरकतो, मुलं वळताना बिचकतात, आणि मग दमाऐवजी भीती मोजली जाते. झाडून, पाणी मारून, दोन्ही टोकांच्या वळणाच्या जागा तरी घट्ट करून घ्या. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीतली ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, पुश-अप वगैरे सगळ्या शाळेसाठी छान आहेत, ती नोंद जरूर ठेवा, पण संघाचा सराव त्यावरून आखू नका.

आतापर्यंतचं एवढं धरून चाला: सहा फेऱ्यांची धाव, उभी उडी, पाइपला लटकणं, आणि जमलं तर यो-यो. याहून जास्त टेस्ट एका शिक्षकाला नीट घेता येत नाहीत, आणि घाईत घेतलेल्या दहांपेक्षा या चार पुष्कळ सांगतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. एकाच आठवड्यात, सरावात काहीही न बदलता, तीच टेस्ट दोनदा घ्या. समजा सोमवारी एका मुलाची उडी ३८ आली आणि गुरुवारी ४०. तीन दिवसांत ताकद वाढत नाही, म्हणजे दोन सेंटिमीटर हा या टेस्टचा स्वतःचा चढउतार आहे. सगळ्या मुलांचे असे फरक पाहिलेत की संघाचा साधारण चढउतार लक्षात येईल. पुढे तीन महिन्यांनी कुणाची उडी ३८ ची ३९ झाली तर शाबासकी द्या, पण सराव फळाला आला असा निष्कर्ष काढू नका. ३८ ची ४३ झाली, तर खुशाल काढा. हा चढउतार माहीत नसताना दोन मुलांमध्ये एका सेंटिमीटरवरून निवड करणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

वयाचाही असाच अन्याय होतो. मुलांची उंची सर्वाधिक वेगानं वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण कुणाची बाराव्या वर्षी तर कुणाची सोळाव्या. तुमच्या अठरांत मिसरूड फुटलेली मुलं असतील आणि आवाजही न फुटलेली असतील. आज जो उडीत मागे आहे तो फक्त उशिरा वाढणारा असू शकतो. दर तीन महिन्यांनी उंची मोजा. एखाद्याची झपाट्यानं वाढत असेल तर त्या काळात त्याचे आकडे थोडे खाली येतील, हालचाल अडखळेल, गुडघ्याच्या वाटीखाली दुखेल. तेव्हा त्याच्या उड्या आणि धावणं कमी करा, त्याला रागावू नका. मी मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करतो. अठरांचे आकडे फळ्यावर क्रमानं लावत नाही.

आता परिस्थितीचं. टेस्ट किनाऱ्यावरच घ्यायची असेल तर तारीख ठरवताना तिथी बघा आणि दर वेळी साधारण त्याच तिथीला घ्या, म्हणजे वाळू सारखी मिळेल. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेला धावलं तर एका बाजूच्या घोट्यावर भार येतो, म्हणून जाऊन-येऊन धाव ठेवा. शक्य असेल तर मैदानावर या. दर टेस्टला तापमान, ढग, वारा, जमीन यांची एक ओळ वहीत लिहा. टेस्टच्या आधी आणि नंतर मुलांचं वजन घ्या. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं, आणि वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली की कामगिरीवर परिणाम दिसायला लागतो. पन्नास किलोच्या मुलाला हा एकच किलो. आपल्या दमट हवेत एका सत्रात तो सहज जातो.

आणि आदल्या रात्री कुठे स्पर्धा नव्हती ना, हे विचारा. आपल्याकडे रात्रीचे सामने दोन-दोन वाजेपर्यंत चालतात. त्यानंतर निदान दोन दिवस टेस्ट घेऊ नका. रोजच्या थकव्याचा अंदाज घ्यायला एक साधी पद्धत आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारा, आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला? त्याला मिनिटांनी गुणा. नव्वद मिनिटं आणि सहा म्हणजे ५४०. एखाद्या मुलाला नेहमीचाच सराव अचानक आठ वाटायला लागला, तर काहीतरी बिनसलंय. झोप, घरचं टेन्शन, आजार, काहीही असेल. हा प्रश्न मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलाय.

जोर लावायच्या कुठल्याही टेस्टआधी तीन गोष्टी पालकांना विचारून घ्या: धावताना छातीत दुखतं का, कधी चक्कर येऊन पडलाय का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का. यातल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर हो असेल तर आधी डॉक्टर. नुकत्याच तापातून उठलेल्या मुलाला, आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडे अशी मुलं असतातच, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत टेस्टला उभं करू नका.

तुमच्या चढाईपटूसाठी आणखी एक करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. पंधरा वर्षांपुढच्या मुलग्यांत १३ ग्रॅमच्या खाली गेलं तर तो ॲनिमिया धरतात, मुलींत १२ च्या खाली. दोन्ही वेळा शेवटचा येणं हा निव्वळ स्नायूंचा स्वभावही असेल, पण रक्त कमी असेल तर कुठलाही सराव त्याला पुढे नेणार नाही आणि उपाय मात्र डॉक्टरांकडे सोपा आहे. शाळेत मुलींचाही संघ असेल तर त्यांची ही तपासणी सगळ्या टेस्टच्या आधी करा, कारण आपल्या देशात निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींमध्ये ॲनिमिया आढळतो.

हिमोग्लोबिन ठीक निघालं तर त्याची सहा फेऱ्यांची धाव घ्या, आणि त्याच्या दोन-तीन सामन्यांत पहिल्या आणि दुसऱ्या हाफमधल्या यशस्वी चढाया वेगळ्या मोजा. घसरण मोठी आणि दुसऱ्या हाफमध्ये चढाया फसत असतील, तर आठवड्यातून दोन दिवस त्याला छोट्या, जोरदार धावांचे संच द्या, मधली उसंत हळूहळू कमी करत. लांब पल्ल्याचं रोजचं धावणं त्याच्या माथी मारू नका. बारा जणांची निवड तुम्ही सामने पाहून, तुमच्या नजरेनं करा. ते तुम्हाला येतं. सहा फेऱ्यांच्या वेळा, वजन आणि हिमोग्लोबिन हाती आलं की इथंच लिहा, मे महिन्यापर्यंतचा त्याचा सराव आपण मिळून बसवू.